घरची बार्बेरा

सेकोंदिनाने एकतीस वर्षं लोकांच्या पेल्यांत वाइन ओतली, पण त्या वाइनबद्दल तिला कुणी कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. सान देफेंदेंते गावात तिला सगळे दिनाच म्हणत. उत्तर इटलीतल्या मोंफेर्रातोच्या टेकडीवर चर्चला लागून त्यांची खानावळ होती. नवरा रेमो स्वयंपाकघर बघायचा, थोरला दीर एव्हाझियो तळघर बघायचा आणि उरलेलं सगळं दिना बघायची. उरलेलं म्हणजे टेबलं, गिऱ्हाइकं, फरशी, फोन आणि अधूनमधून पत्त्यांवरून जुंपणारी भांडणं.

तळघराची किल्ली एव्हाझियोच्या कमरपट्ट्याला असे. बाईमाणूस खाली उतरलं की पिंपातली वाइन बिथरते, असं सासरे म्हणायचे. सासरे गेले, पण एव्हाझियोने किल्लीबरोबर ती समजूतही ठेवून घेतली. दिना जिन्याच्या वरच्या पायरीवर रिकाम्या सुरया ठेवायची आणि थोड्या वेळाने तिथूनच भरलेल्या उचलायची.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मिलानचं एक कुटुंब जेवायला आलं. बापाने मोन्तेपुल्चानो मागवली. दिनाने कपाटातल्या बाटल्या नीट वाचल्या आणि जिच्यावर मोन्तेपुल्चानो लिहिलं होतं ती आणून समोर ठेवली.

तो माणूस हसला. "बाई, ही आब्रुझ्झोची. हिच्यावर मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव आहे. मला तोस्कानातल्या मोन्तेपुल्चानो गावची हवी होती."

"नाव तर तेच आहे की," दिना म्हणाली.

एवढ्यात एव्हाझियो आलाच. त्याने दिनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माफ करा साहेब. आमच्या दिनाच्या लेखी वाइन दोनच. तांबडी आणि पांढरी. आणि दिवे गेले तर एकच."

खोली खदखदून हसली. रोजचे पत्तेवाले तर टेबलं बडवायला लागले. दिनाने बाटली उचलून नेली, दुसरी आणली, जेवण वाढलं, कॉफी दिली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण आठवडाभरात ती गोष्ट गावभर झाली. बुधवारी बेकरीवाला पाव गुंडाळताना म्हणाला, "कुठला देऊ दिना? द्राक्षाचा की गावाचा?"

"तुझ्या तोंडात कोंबता येईल तो दे," दिना म्हणाली आणि पाव न घेताच घरी आली.

त्याच दिवशी तिने जवळच्या आस्ती शहरात फोन करून वाइनच्या प्राथमिक वर्गात नाव घातलं. जानेवारीपासून दर सोमवारी संध्याकाळी वर्ग होता, आणि सोमवारी खानावळ बंदच असायची.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिने ते सांगितलं तेव्हा एव्हाझियोच्या हातातला चमचा थांबला. "एकोणसाठाव्या वर्षी शाळा? दप्तर कुठलं घेणार? फुलांचं की मांजराचं?"

"किल्लीचं घेईन म्हणते, भावजी. मिळत असेल तर."

"तुला काय कळायचंय त्यातलं? आमच्या बापाने वर्गात जाऊन शिकली होती का वाइन?"

"तुमच्या बापाने तुम्हाला शिकवली. मला कुणी शिकवली नाही. मग मी वर्गात जाते."

रेमो ताटात बघत म्हणाला, "जाऊ दे ना तिला, दादा." मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "तुला कशाला हवीय ही कटकट?" त्याचं नेहमी असंच असायचं. एक वाक्य इकडे, एक वाक्य तिकडे.

वर्गात चौदा जण होते आणि दिना सोडली तर सगळे तिशीच्या आतबाहेरचे. शिकवणारे उबाल्दो फ्रास्का मोठमोठ्या हॉटेलांत चाळीस वर्षं वाढपी म्हणून घालवून निवृत्त झालेले. टाय इतका घट्ट की मान फिरवायची तर खांद्यांसकट फिरवत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बारोलो म्हणजे काय?"

"वाइन," कुणीतरी म्हणालं.

"गाव!" फ्रास्कांनी टेबलावर बोट आपटलं. "तिच्यातलं द्राक्ष नेब्बियोलो. आणि बार्बेरा म्हणजे काय? द्राक्ष. ते आस्तीच्या आसपास पिकलं की बार्बेरा दास्ती, म्हणजे आस्तीची बार्बेरा. या देशात नाव कधी द्राक्षाचं असतं, कधी गावाचं, कधी दोघांचं मिळून. हे ज्याला कळलं त्याला निम्मं कळलं. आणि सगळ्यांत मोठा खड्डा आहे मोन्तेपुल्चानो. त्यात प्रत्येक जण एकदा तरी पडतो. मीही पडलोय, तेही एका मंत्र्यासमोर."

दिनाने पेन खाली ठेवलं आणि एक दीर्घ श्वास घेतला. दोन महिन्यांत तिला पहिल्यांदाच बरं वाटलं.

ती शिकत गेली. ऑर्डरी घ्यायच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर तिने द्राक्षांची आणि गावांची नावं लिहिली आणि भांडी घासायच्या मोरीवर चिकटवली. सांजोवेझे तोस्कानाचं, नेरेल्लो एतनाच्या उतारावरचं, गार्गानेगा सोआव्हेचं. भांडी घासताना ती पुटपुटायची आणि रेमो कांदा चिरता चिरता चुका काढायचा. एव्हाझियो आत आला की म्हणायचा, "झाली का जपमाळ?" दिना त्याच्याकडे न बघता पुढचं नाव घ्यायची.

वासाच्या तासाला मात्र तिचं आणि मास्तरांचं वाजलं. पेल्यात पांढरी वाइन होती. एका पोरीने लिची सांगितली, एकाने पॅशनफ्रूट. फ्रास्का मान डोलावत दिनापाशी आले.

"सफरचंद," दिना म्हणाली. "कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये हिवाळाभर ठेवलेलं."

"सफरचंद चालेल. कपाट नको."

"कपाटाशिवाय तो वास येत नाही, मास्तर."

"परीक्षेच्या कागदावर ठरावीक शब्द आहेत, बाई. त्यांत कपाट नाही."

"मग कागदात कमी आहे. लिची मी आयुष्यात हुंगलेली नाही. न हुंगलेल्याची खोटी साक्ष मी देणार नाही."

वर्ग हसला. फ्रास्का नाही हसले. त्यांनी तिचा पेला उचलून स्वतः हुंगला, मग पुन्हा एकदा हुंगला. "सफरचंद लिहा," ते शेवटी म्हणाले. "कपाट मनात ठेवा."

तिने दोन्ही लिहिलं.

फेब्रुवारीत बार्बेराची पाळी आली. तीन वेगवेगळ्या गावच्या बार्बेरा ओळीने मांडल्या होत्या. फ्रास्का म्हणाले, "नाक विसरा. घोट घ्या, गिळा आणि मान खाली घाला. काय होतंय?"

दिनाने मान खाली घातली आणि तिच्या जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं. इतकं की तोंड मिटून घ्यावं लागलं.

"हा आंबटपणा," फ्रास्का म्हणाले. "बार्बेरा कितीही उन्हात पिकू दे, तो तिला सोडत नाही. तुरटपणा मात्र जवळजवळ नाही. ओल्या अक्रोडाची साल चावल्यावर हिरड्या ओढल्या जातात, तसं हिच्यात होत नाही. म्हणून तुमच्या तुपकट मांसाबरोबर ती बसते. तोंड धुऊन काढते."

मंगळवारी दुपारी पत्तेवाल्यांना सुरई देऊन आल्यावर दिनाने स्वतःसाठी बोटभर घरची वाइन ओतून घेतली. ही त्यांच्याच मळ्यातली, त्यांच्याच तळघरातली बार्बेरा. फळ्यावर वर्षानुवर्षं तेच लिहिलं होतं: घरची बार्बेरा, आपल्या टेकडीची. तिने घोट घेतला, गिळला, मान खाली घातली.

पाणी सुटलं नाही.

वाइन तोंडात जाड आणि उबदार बसून राहिली, अंजिराच्या मुरंब्यासारखी. मागून थोडी कडवट झाली आणि हिरड्या ओढल्या गेल्या.

आपलंच चुकत असणार, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने सकाळी काही न खाता चाखली. मग जेवणानंतर चाखली. मग डोळे मिटून. तीन आठवडे ती हेच करत होती आणि तीन आठवडे तिच्या जिभेला पाणी सुटलं नाही. बाहेर पत्त्यांच्या टेबलावर टपालखात्यातून निवृत्त झालेला चेलेस्तिनो रोज पेला उजेडात धरून म्हणायचा, "आपल्या टेकडीची माती लागते जिभेला. डोळे बांधा माझे, हजारांत ओळखीन."

शेवटी तिने औषधाच्या बाटलीत थोडी वाइन भरली आणि वर्ग सुटल्यावर फ्रास्कांपुढे ठेवली. कुठली आहे ते सांगितलं नाही.

फ्रास्कांनी एक घोट घेतला. "दक्षिणेची. पुल्यातली असावी, सालेन्तोच्या बाजूची. नेग्रोआमारो द्राक्षाची. साधी आहे, पण स्वच्छ आहे. वाईट नाही बरं का. कुणी दिली?"

"मीच देते," दिना म्हणाली. "रोज चाळीस माणसांना. बार्बेरा म्हणून."

फ्रास्कांनी पेला खाली ठेवला. दिनाने त्यांचे आभार मानले.

दर सोमवारी सकाळी ती कानेल्लीला बहिणीकडे जायची; ती घरात नसे असा तो एकच दिवस. पुढच्या सोमवारी ती निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि चर्चच्या पायऱ्यांवर बसून राहिली. दहाच्या सुमाराला एक छोटा टँकर मागच्या आवारात शिरला. दिना मागोमाग गेली. तळघराचं दार सताड उघडं होतं. टँकरवाला दक्षिणेकडच्या हेलात ओरडत होता, "काका, नळी कुठल्या पिंपात घालू? मागच्याच?" आणि एव्हाझियो खालून म्हणत होता, "हळू रे बाबा, हळू बोल."

दिना जिना उतरली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तळघर तिला वाटलं होतं त्याहून लहान होतं. लाकडी पिंपं भिंतीला लागून उभी होती, कोरडी ठणठणीत, एकाच्या फळ्या तर सुटल्या होत्या. मधोमध स्टीलचं एक चकचकीत पिंप होतं.

एव्हाझियोने तिला पाहिलं. आधी त्याचा हात किल्लीकडे गेला, मग खाली पडला.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"बारा." तो एका उलट्या टोपलीवर बसला. "गारपिटीच्या सालापासून. त्या वर्षी जेवढी झाली तेवढीही आंबली. बाबांच्या हातून एक पिंप कधी नासलं नाही, दिना. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या हातून सगळी नासली. लोकांना काय सांगणार होतो? म्हटलं, एकदाच आणू. आणली. कुणाला कळलंसुद्धा नाही. उलट चेलेस्तिनो म्हणाला, यंदा बापावर ताण केलीस."

"आणि मळ्यातली द्राक्षं?"

"सोसायटीला घालतो."

"आणि मी बारा वर्षं लोकांच्या तोंडावर सांगतेय, आपल्या टेकडीची."

"तुला ठाऊक नव्हतं. तुझ्याकडे पाप नाही."

"मला ठाऊक नसावं म्हणून किल्ली कमरेला होती होय तुमच्या?"

दिना वर आली. रेमो स्वयंपाकघरात आन्योलोत्तीच्या भरल्या पास्त्यासाठी पीठ मळत होता. तिच्या बुटांना तळघराची ओली माती लागली होती, ती त्याने पाहिली आणि त्याचे हात थांबले. तिला विचारायची गरजच पडली नाही.

"तुलाही माहीत होतं."

"दादा म्हणाला, दिनाला सांगू नकोस. तिला खोटं बोलता येत नाही, ती गिऱ्हाइकांना सांगून टाकेल."

"आणि तुला येतं?"

"मी आत असतो," रेमो म्हणाला. "मला कुणी विचारत नाही."

त्या रात्री दिना पाहुण्यांच्या खोलीत झोपली आणि पुढचे पाच दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. एव्हाझियोला तिने एकच सांगितलं, "रविवारच्या आत फळा बदला. नाहीतर मी बदलते."

"फळ्याला हात लावायचा नाही. बाबांच्या अक्षरातला आहे तो मथळा."

"वाइन त्यांची नाही, मग मथळा कशाला त्यांचा?"

रविवार आला. मार्चचं ऊन पडलं होतं आणि खोली गच्च भरली होती. पत्तेवाले आपापल्या बायकांना घेऊन जेवायला आले होते. फळा तसाच होता. दिनाने ओलं फडकं घेतलं, घरची बार्बेरा पुसून टाकली आणि खडूने लिहिलं: घरची वाइन. सालेन्तोहून आणलेली. नेग्रोआमारो. चांगली आहे.

एव्हाझियो ताडताड आला आणि त्याने बाहीने ते पुसलं. दिनाने पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा पुसलं, या वेळी त्याचा कोट कोपरापर्यंत पांढरा झाला. माना वळायला लागल्या. दिनाने खडू खाली ठेवला आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ऐका. तुमच्या सुरयांत आहे ती बार्बेरा नाही. ती आपल्या टेकडीचीही नाही. बारा वर्षांपासून ती पुल्याहून टँकरने येते. मला आत्ताच कळलं, म्हणून आत्ता सांगते. वाइन चांगली आहे. प्यायची तर प्या, पण काय पिताय ते माहीत असू दे."

मग चेलेस्तिनो उभा राहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला. दिनाला वाटलं, आता तो एव्हाझियोवर तुटून पडणार. पण तो तिच्यावरच आला.

"तुझ्या शाळेने डोकं फिरवलंय तुझं! मी सत्तर वर्षं बार्बेरा पितोय. मला ओळखता येत नाही होय?"

"मागच्या बारा वर्षांत ओळखली नाहीत, चेलेस्तिनो. मीही नाही ओळखली."

"दोन महिने वर्गात काय जाऊन आली, आता आम्हाला शिकवते! मोन्तेपुल्चानो तरी ओळखता येते का तुला?"

कुणीतरी फिसकन हसलं. दिना मागे सरली नाही. "येते. द्राक्ष आब्रुझ्झोत, गाव तोस्कानात, आणि गावच्या वाइनमध्ये द्राक्ष सांजोवेझे. आणखी काही विचारायचंय? विचारा. कामाची घाई आहे, पण एवढ्यासाठी थांबते."

"खोटं आहे हे सगळं," चेलेस्तिनो एव्हाझियोकडे वळून म्हणाला. "सांग ना, एव्हाझियो. सांग तिला."

एव्हाझियो फळ्यापाशी उभा होता. तो बाहीवरचा खडू झटकत राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून रेमो बाहेर आला. एकतीस वर्षांत जेवणाच्या वेळी तो कधी त्या खोलीत आला नव्हता. एप्रनला पीठ, हातात झारा.

"खरं आहे ते," रेमो म्हणाला. "दिना म्हणते ते खरं आहे. मलाही माहीत होतं." आणि त्याला पुढे काय करावं ते सुचेना म्हणून तो तिथेच, तिच्या शेजारी उभा राहिला.

चेलेस्तिनोने टोपी घातली आणि बायकोला उठवलं. ती बिचारी अर्ध्या ताटावरून उठली. त्यांच्यामागे आणखी तीन टेबलं उठली. फसवल्याचा राग त्यांना एव्हाझियोवर यायला हवा होता, पण त्यांना राग होता तो आपली जीभ उघडी पडल्याचा. ती दिनाने उघडी पाडली होती.

पुढचा महिना कठीण गेला. पत्त्यांची टेबलं रिकामी राहिली. बेकरीवाला तिला पाव देताना बोलेनासा झाला. एव्हाझियो खानावळीत यायचाच बंद झाला. सकाळी कात्री घेऊन मळ्यात जायचा आणि दिवस मावळल्यावर यायचा. पहिल्याच सकाळी त्याने तळघराची किल्ली काही न बोलता ओट्यावर ठेवून दिली होती. दिनाने ती दाराला, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्यावर अडकवली. फळ्यावरचं सालेन्तो तिने एक दिवसही पुसलं नाही. रेमो एकदा म्हणाला, "निदान अक्षर बारीक काढ." तिने ते आणखी मोठं काढलं.

एप्रिलच्या शेवटी तिची परीक्षा झाली. लेखी उत्तम गेली. चाखायच्या कागदावर फ्रास्कांनी तिचे गुण कापले, कारण ठरावीक शब्दांच्या खाली तिने आपले शब्दही लिहिले होते. पास झाली, पण काठावर.

"ते खोडून दिलं असतंत तर वर्गात पहिल्या आला असतात," फ्रास्का म्हणाले.

"ठाऊक होतं, मास्तर."

चेलेस्तिनो आला तो मे महिन्यात, मंगळवारी दुपारी, एकटाच. नेहमीच्या खुर्चीत बसला, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती आण."

"कुठली ती?"

"ती ग. तुझी ती. टँकरची."

"तिला नाव आहे."

"निग्रो... आमरो. काय असेल ते असो! आण ना आता, घसा सुकला."

तिने सुरई आणली. सोबत एका बुटक्या पेल्यात शेजारच्या गावची बार्बेरा बोटभर आणली आणि ती आधी प्यायला लावली. "गिळा आणि मान खाली घाला." चेलेस्तिनोने कुरकुरत मान खाली घातली. मग वर करून तोंड पुसलं. सुरईतली पेल्यात ओतून तीही तशीच चाखली.

"कुणाला सांगू नकोस," तो शेवटी म्हणाला.

"मी काही लपवत नसते," दिना म्हणाली, पण सांगितलंही नाही. आठवड्याने तो स्वतःच पत्तेवाल्यांना घेऊन आला आणि त्यांना मान खाली घालायला शिकवू लागला.

सप्टेंबर संपत आला तेव्हा द्राक्षं काढून झाली. एव्हाझियोने ट्रॅक्टर सोसायटीकडे वळवला, तेव्हा दिना आवाराच्या तोंडाशी उभी होती.

"वीस क्रेट इथे उतरवा."

"करणार कोण?" तो म्हणाला. इतक्या महिन्यांत तिच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. "मला जमत नाही. बघितलंस ना."

"मी करणार. तुम्ही सांगायचं, मी करायचं. चुकेल ते दोघांचं."

"बाई तळघरात उतरली की..."

"मी उतरून सहा महिने झाले, भावजी. पुल्याची वाइन काही बिथरलेली नाही."

एव्हाझियो ट्रॅक्टरवर बसून राहिला. इंजिन चालूच होतं. मग त्याने ते बंद केलं, खाली उतरला आणि पहिला क्रेट स्वतः उचलला.

दोघांनी ती वाइन केली ती भांडत भांडत. तो म्हणायचा, बाबा असं करत. ती म्हणायची, वर्गात असं सांगितलंय. रेमो जिन्यात उभा राहून दोघांना थंड व्हा म्हणायचा आणि दोघंही त्याच्यावर ओरडायचे. हिवाळा संपताना वेताच्या विणीतले सहा काचेचे बुधले भरले. त्यांतला एक आंबला. एव्हाझियोला ते कळलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दिनाने त्याला हाताला धरून खाली नेलं आणि उरलेल्या पाचांतली एकेक चाखायला लावली. पातळ होती, रंगाने फिकी, आणि आंबट म्हणजे इतकी आंबट की एव्हाझियोने डोळे घट्ट मिटून घेतले.

"बाबांची यापेक्षा पुष्कळ बरी असायची," तो म्हणाला.

"असेल. यंदा एवढीच जमली," दिना म्हणाली आणि पाचवा बुधला गिऱ्हाइकांसाठी वर न्यायला त्याच्या हातात दिला.